रुमालाखालची मूठ

लातूरला जिल्ह्याचा मान मिळाला, त्याला तीन वर्षे होत आली होती. कलेक्टर आले, त्यांची कचेरी आली, कचेरीपाठोपाठ लाल दिव्याची गाडी आली; यायचा राहिला होता तो केवळ पाऊस. सलग दोन वर्षे आभाळाने या भूमीकडे पाठ फिरवली होती. लोहा आणि हदगावकडून येणाऱ्या मालाच्या गाड्या रोडावल्या होत्या, विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि पाण्याचा टँकर ज्या गल्लीत शिरे त्या गल्लीत वरात आल्यासारखी माणसे गोळा होत.

अशा त्या दिवसांत गोलाई चौकातल्या अडत बाजारात माणिकप्पांचे दुकान मोठ्या मानाचे समजले जाई. शेतकऱ्याने माल आणावा, खरीददाराने तो पाहावा, आणि दोघांच्या मध्ये बसून अडत्याने भाव ठरवून द्यावा, असा हा व्यवसाय. उघड लिलावाचा नियम कधीच आला होता. तरी जुन्या मंडळींची भिस्त अजून रुमालावरच होती. अडत्याने उजव्या हातावर रुमाल पांघरावा, खरीददाराने आपला हात त्याखाली घालावा, आणि बोटे दाबून आपला भाव सांगावा. तोंडाने अवाक्षर काढायचे नाही. चार बोटे धरली तर चार, सगळा पंजा धरला तर पाच. आणि मूठ मिटली तर बोली नाही, असा सरळ अर्थ. शेजारी बसलेल्यालाही कळू नये की रुमालाखाली काय चालले आहे.

या विद्येत माणिकप्पांचा हात धरणारा कोणी नव्हता. रोज सकाळी स्नान करून, भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसत. ज्या देहाच्या एका तळहातावर प्रत्यक्ष शिव विराजमान होतो, त्याच्या दुसऱ्या तळहाताने खोटा व्यवहार कसा करावा, असे ते म्हणत, आणि करीतही नसत. पूजेसाठी शुद्ध पाण्याने तांब्या भरून ठेवलेला असे. दुष्काळातही त्यात कधी खंड पडला नाही. ते पाणी कोठून येते, हा प्रश्न मात्र त्या भाविक पुरुषाला दोन वर्षांत एकदाही पडला नव्हता.

त्यांची पत्नी दानम्मा एकदा पूजा आटोपल्यावर म्हणाली होती, "आवं, टँकर येऊन राहिला. शेजारच्या पार्वतीबाईचा पाय मुरगळलाय, जोडीला कोणी न्हाई. एक डाव घागरीला हात लावता का?"

"हे बघ," माणिकप्पा धोतराचा सोगा सावरीत म्हणाले, "मला एकदा मंडळाचा अध्यक्ष होऊ दे. मंग गल्लीत टँकर न्हाई, नळच आणतो."

"नळ येईल तवा येईल. घागर आताच भरून राहिली."

"मुनीम ज्ञानोबाला सांगतो," असे म्हणून ते दुकानाकडे निघून गेले, आणि ज्ञानोबाला सांगायचे विसरले.

हे अध्यक्षपद म्हणजे माणिकप्पांच्या आयुष्यातली सध्याची एकमेव आस होती. नव्या जिल्ह्यातल्या सगळ्या अडत्यांचे मिळून नवे मंडळ स्थापन झाले होते आणि त्याचा पहिला अध्यक्ष निवडायचा होता. इच्छुक दोघे होते: एक माणिकप्पा, आणि दुसरे त्यांच्या समोरच्याच दुकानाचे चंद्रप्पा. दोघे लहानपणी एकाच मठात अक्षरे गिरवीत, आणि तेव्हापासून एकाने शेंडी राखली की दुसऱ्याने मिशी राखावी असा त्यांचा स्नेह होता. माणिकप्पांना नुसता विजय नको होता. निवड एकमताने व्हावी, एकही हात विरोधात उठू नये, असा त्यांचा हट्ट होता.

त्याच सुमारास व्यापाऱ्यांसाठी एक शिबिर भरले. पुण्याहून आलेल्या तरुण वक्त्याने नेतृत्व या विषयावर दोन तास विवेचन केले. "खरा नेता आरशात पाहत नाही," तो म्हणाला. "तो आपल्या सहकाऱ्यांना विचारतो, मी कसा आहे? त्यांना चिठ्ठीवर गुण लिहायला सांगतो. चिठ्ठीवर नाव नसावे, म्हणजे भीती राहत नाही. जो हे धाडस करील तोच पुढे जाईल."

सभागृहात जांभयांची साथ पसरली होती. माणिकप्पा मात्र ताठ बसून ऐकत होते. परत येताना त्यांनी मुनीम ज्ञानोबाला आपला निश्चय सांगितला.

"चिठ्ठ्या कशापायी, मालक?" ज्ञानोबा म्हणाला. "सगळ्यांचं अक्षर तुमाला पाठ हाय. आन् निम्म्या मापाड्यांना लिवताच येत न्हाई."

"तेच मी म्हणून राहिलो. आपली रीत काय वाईट हाय? रुमाल टाकू. मी पडद्याआड बसतो. एकेकानं हात घालायचा आन् जेवढे गुण तेवढी बोटं दाबायची. कोण आलं, मला दिसणार न्हाई. खरं ते निघंल."

ज्ञानोबा काही बोलणार होता. पण चोवीस वर्षांच्या नोकरीने त्याला न बोलण्याचे महत्त्व शिकवले होते.

ठरल्या दिवशी माणिकप्पांच्या ओसरीवर बाजारातली मंडळी जमली. ओसरी आणि माजघर यांच्या दारात जाजम टांगले होते. त्याच्या फटीतून माणिकप्पांचा उजवा हात तेवढा बाहेर आला होता आणि त्यावर नवा कोरा रुमाल अंथरला होता. दर्शनाला गेल्याप्रमाणे एकेक जण पुढे होऊन रुमालाखाली हात घालू लागला.

पहिला हात आला आणि माणिकप्पांच्या ध्यानात आपली चूक आली. आयुष्यभर ज्या माणसाने या बाजारातले हात धरले, त्याच्यापुढे पडदा काय लपवणार? हा जाडजूड, घामट तळवा तेल गिरणीवाल्यांचा. ही करंगळीतली सैल अंगठी उदगीरच्या खरीददाराची. हा पोत्यांच्या आकड्याने चरे पडलेला पंजा हमालांच्या मुकादमाचा. हा थरथरता हात ज्ञानोबाचा, पगारवाढीच्या वेळी थरथरे तसाच. डोळ्यांना जे दिसले नसते ते बोटांना लख्ख दिसत होते. आणि हे बाहेरच्या प्रत्येकालाही ठाऊक होते. म्हणून प्रत्येक हात आत येताच निःसंकोचपणे पूर्ण पंजा दाबून जात होता. पाच. पाच. पुन्हा पाच.

आपले मूल्यमापन इतके उज्ज्वल होत आहे हे पाहून माणिकप्पांना चूक सुधारण्याची तातडी वाटली नाही. लोकांचे मत आहे, ते आपण कसे बदलणार, असा विनयशील विचार त्यांच्या मनात आला.

आणि मग अगदी शेवटी एक हात आला. तो ओळखीचा नव्हता.

लहानसा, कोरडा हात. बोटांच्या पेरांवर आडवा घट्टा पडलेला, काही तरी जड नित्य ओढल्यासारखा. त्या हाताने क्षणभर माणिकप्पांचा तळवा चाचपला, एखादा नमुना पाहावा तसा. मग त्यात एक घट्ट मिटलेली मूठ ठेवली, आणि तो हात निघून गेला.

माणिकप्पा पडद्याआड तसेच बसून राहिले. ओसरीवर गूळ-शेंगांचा आणि अर्ध्या अर्ध्या पेल्याच्या चहाचा गलबला चालला होता.

"मालक, जो तो पंजा दिला म्हणून सांगून राहिला," ज्ञानोबा पडदा सारून म्हणाला. "निवडून आलाव म्हणून समजा."

"शेवटला कोण होता?"

"मी चहा वाटून राहिलो होतो. बघितलं न्हाई."

"मूठ दिली, ज्ञानोबा. माझ्या हातात मूठ दिली."

त्या रात्री माणिकप्पांना जेवण गेले नाही. पंजे किती आले हे ते विसरले. ती एक मूठ त्यांच्या तळव्यात रुतून बसली. बाजारात असा एक माणूस आहे की जो आपल्याला बोली लावण्याच्याही लायकीचे समजत नाही, आणि त्याचा हात आपल्याला ओळखता येत नाही. या दोहोंपैकी अधिक अपमानकारक काय, हे त्यांना ठरवता येईना. निवडणुकीच्या आत तो हात सापडलाच पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

दुसऱ्या दिवसापासून माणिकप्पा दिसेल त्याचा हात धरू लागले. पेरांवरचा घट्टा दोराचा असणार, असा त्यांचा तर्क होता. म्हणून त्यांनी प्रथम टांगेवाले तपासले. मग विहीर खोदणारे तपासले. देवळातल्या घंटेचा दोर ओढणारे वृद्ध गुरव नमस्कार करू लागले, तेव्हा त्यांचे जोडलेले हात माणिकप्पांनी मध्येच उलगडून पाहिले. नव्या कचेरीतल्या कारकुनांचे हात तर धरण्याला काही निमित्तच सापडेना. अखेरीस ज्ञानोबाने सुचवले, "मालक, हात बघता येतो म्हणून सांगा."

माणिकप्पांनी हस्तसामुद्रिकाचा एकही ग्रंथ उघडलेला नव्हता. पण कचेरीच्या दारातल्या शिपायाचा हात हाती घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "तुमाला घराची ओढ लागून राहिली." तो शिपाई हिंगोलीकडचा, नवा जिल्हा झाला म्हणून त्याची इकडे बदली झालेली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. बातमी पसरली आणि दुपारपर्यंत माणिकप्पांपुढे रांग लागली. कोणी मुलीचे लग्न विचारी, कोणी नळाला पाणी कधी येईल ते विचारी. माणिकप्पा पेरे चाचपीत, घट्टा नाही असे पाहून निराश होत, आणि समोरच्याला वाटे की भविष्य वाईट आहे. मग त्याची समजूत काढण्यासाठी त्याचे गाऱ्हाणे मुळापासून ऐकावे लागे. इतके ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी कधी आला नव्हता. सायंकाळी त्यांचे कान दुखत.

घरी आल्यावर ते दानम्मेला दिवसभराचा वृत्तांत सांगत. ती भाकरी थापीत ऐके.

"कितींचे हात बघितलाव आज?"

"बाजार पालथा घातला. आता लातुरात एक हात राहिला न्हाई."

"असं का," एवढेच ती म्हणे, आणि भाकरी तव्यावर टाकी.

निवडणुकीचा दिवस उजाडला. सभा अकरा वाजता धर्मशाळेत होती. माणिकप्पांनी इस्त्रीचे धोतर नेसले, नवा फेटा बांधला, भस्माचे पट्टे नीट रेखले. ज्ञानोबा टांगा घेऊन दारात उभा होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला आणि घागरी-बादल्यांचा एकच खणखणाट झाला.

दानम्मा रांगेतून मोठी बादली भरून निघाली होती. पार्वतीबाई अजून लंगडत होती. ओसरीपाशी माणिकप्पांना पाहून दानम्मा थांबली. "आवं, येवढी कडी धरा. आतपर्यंतच न्यायची हाय."

गल्लीत चार मतदार उभे होते. त्यांच्या देखत नकार देणे माणिकप्पांना प्रशस्त वाटले नाही. मुखावर सेवाभावी हास्य आणून त्यांनी बादलीची कडी धरली. कडी लहान, हात दोन. दानम्मेची बोटे त्यांच्या बोटांना भिडली.

माणिकप्पा जागच्या जागी थबकले.

लहानसा, कोरडा हात. पेरांवर आडवा घट्टा.

"चला ना," दानम्मा म्हणाली. "पाणी सांडून राहिलं."

"तू? ती मूठ तुझी?"

"आधी बादली आत न्या. मंग मूठ."

बादली माजघरातल्या रांजणात रिकामी झाली. माणिकप्पा तिथेच उभे राहून काही विचारणार, तोवर दानम्मा रिकामी बादली घेऊन रांगेकडे चालूही लागली होती. तिला गाठायचे तर मागे जाणे भाग होते. टँकरच्या तोंडाखाली बादली धरून ती म्हणाली, "चहा घेऊन बाहेर आले होते मी. मागल्या दारानं. सगळे चहाच्या नादात होते. सगळ्यांनी हात घातला, मला वाटलं आपणबी घालावा."

"बांगड्या कशा वाजल्या न्हाईत?"

"वर सारल्या आन् पदर गुंडाळला. आता धरा."

दुसरी बादली निघाली. या खेपेस माणिकप्पांचा फेटा ढळला.

"मालक," ज्ञानोबा टांग्यातून म्हणाला, "अकराला थोडंच राहिलं."

"थांब जरा," माणिकप्पा म्हणाले, आणि बादलीवरून पत्नीकडे वळले. "पण मूठ का? संसार केलीस माझ्यासंगं. बाजारातल्या परक्या माणसांनी पंजा दिला, आन् तू बोलीच लावली न्हाईस?"

दानम्मेने रांजणात पाणी ओतले, पदराने कपाळ पुसले, आणि प्रथमच थांबून उत्तर दिले. "तुमीच सांगता ना, नमुना तळहातावर आल्याबिगर भाव करू नये म्हणून. अध्यक्ष होणारा माणूस म्हणे लोकांच्या अडीनडीला हात लावतो. बाजारात लावत असाल. मी कवा बाजारात आले? घरात तर मला तो नमुना दिसला न्हाई. न बघितलेल्या मालाला पाच बोटं लावू? उगी दोन लावू? खोटी बोली लावायपरीस मूठ मिटली."

ज्या हाताने दोन वर्षे माणिकप्पांच्या पूजेचा तांब्या भरून ठेवला होता, त्याच्यावरचा घट्टा ते बाजारभर शोधत हिंडले होते. टांगेवाल्याचा हात त्यांनी धरला, गुरवाचा धरला, हिंगोलीच्या शिपायाचा धरला. हा एक हात तपासण्याचे त्यांच्या मनातही आले नव्हते. कारण तो त्यांच्या मते अनोळखी हातांत मोडतच नव्हता. लग्न लावताना स्वामींनी तो त्यांच्या हातात दिला होता तेव्हा तो मऊ होता. त्यांच्या बोटांना तेवढाच ठाऊक होता.

"मालक," ज्ञानोबाचा स्वर रडवेला झाला होता. "सभा सुरू झाली असंल."

"रांजण अजून किती रिता हाय?" माणिकप्पांनी विचारले.

"अर्धा," दानम्मा म्हणाली. "जा तुमी. ज्ञानोबा खोळंबलाय. टँकर काय, परवा पुन्हा येईल."

माणिकप्पांनी टांग्याकडे पाहिले, रांजणाकडे पाहिले. अध्यक्षपदाची आस एका दिवसात विझावी इतकी लहान नव्हती. पण ते फेटा उतरवून खुंटीला अडकवून आले आणि म्हणाले, "ज्ञानोबा, तू हो पुढं. सांग, मालक येऊन राहिले."

"काय करून राहिले म्हणून विचारलं तर?"

"खरं ते सांग."

ज्ञानोबाने खरे ते सांगितले. सभेत त्यावर मोठा हशा झाला. कोणालाही ते खरे वाटले नाही; माणिकप्पांनी ऐन वेळी काढलेला हा मत मिळवण्याचा डाव आहे, असा सर्वांचा समज झाला, आणि उमेदवार समोर नसल्यामुळे निवड उरकण्यात आली. चंद्रप्पा एकमताने अध्यक्ष झाले. एकही हात विरोधात उठला नाही. नंतर कोणीतरी पाणी समितीचा विषय काढला. ते पद घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा एक वात्रट अडत्या म्हणाला की आपल्यातला एक जण तरी टँकरपाशी हजर आहे. टाळ्या वाजल्या आणि माणिकप्पा पाणी समितीचे प्रमुख झाले.

सायंकाळी गळ्यात हार घालून चंद्रप्पा मुद्दाम भेटीला आले. माणिकप्पांचे धोतर गुडघ्यापर्यंत ओले होते आणि ते ओसरीवर कंबर चोळीत बसले होते.

"शरणार्थ, अण्णा," चंद्रप्पा हात जोडून म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका. मीबी तुमच्यासारखाच पडदा लावला होता बरं का. ते पुण्याचं पोरगं बोललं ते मलाबी पटलं होतं."

"मंग? काय निघालं?"

"काय निघायचं? सगळे पंजे. एक बोट कमी न्हाई."

माणिकप्पा हसले. ज्यांनी त्यांना पंजे दिले होते तेच हात समोरच्या दुकानात जाऊन पुन्हा पंजे देऊन आले होते. "चंद्रप्पा, वहिनींचा हात आला होता का रुमालाखाली?"

"बायकांचं काय काम तिथं?"

"काम काय न्हाई. उगी एकदा घालून बघा म्हणलं."

चंद्रप्पा मोठ्याने हसले, पण ते हसू अंगणापर्यंतच पुरले. जाताना हार काढून त्यांनी काखेत धरला होता.

दिवेलागण झाली. दानम्मा देवापुढे ऊद लावून बाहेर आली, तो माणिकप्पा उजव्या हातावर रुमाल पांघरून बसलेले.

"आता काय?"

"बोली."

"आज किती खेपा केलाव? त्याबी निम्म्या सांडलाव."

"सांडल्या तेवढ्या वजा कर."

तिने इकडे तिकडे पाहिले, कोणी नाही असे पाहून रुमालाखाली हात घातला आणि थोडा विचार केला. मग एक बोट दाबले.

"एकच?"

"नमुना बरा हाय," दानम्मा म्हणाली. "पोतं फोडल्यावर बघू."

व्यवहार संपला होता. तरी माणिकप्पांनी हात सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही. शेजारची पार्वतीबाई लंगडत अंगणात आली तेव्हा मात्र दोघे दचकून दूर झाले.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. पाणी समितीचे प्रमुख या नात्याने माणिकप्पा रांग लावीत उभे होते. खांद्यावर पंचा, हातात दानम्मेची बादली. रांगेच्या शेवटी त्यांना एक ओळखीचा फेटा दिसला. जिल्हा मंडळाचे नूतन अध्यक्ष चंद्रप्पा दोन्ही हातांत दोन घागरी घेऊन, कोणी पाहू नये अशा बेताने भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पत्नी शिवम्मा पुढे उभी राहून त्यांना घागर कशी धरावी ते सांगत होती.

माणिकप्पांनी लांबूनच भुवया उंचावल्या. काय निघाले, असा प्रश्न त्यात होता.

चंद्रप्पांनी इकडे तिकडे पाहिले, एक घागर खाली ठेवली, आणि मिटलेली मूठ छातीशी धरून हळूच दाखवली.

माणिकप्पांनी सहानुभूतीने मान हलवली. मग अत्यंत गंभीर मुद्रेने, भर गल्लीत, त्यांनी आपले एक बोट वर केले.